पीएचडीवाले विद्यापीठात दिवसभर करतात तरी काय?

2023 च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पीएचडी करणाऱ्या मुलांच्या फेलोशिपचा विषय निघाला आणि ‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ अशा अर्थाचा सवाल थेट विधान परिषदेत ऐकू आला. त्यावर बरंच रान पेटलं. सवालातला सूर बाजूला ठेवला, तर सवाल काही नवा नाही. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सोसायटीच्या गेटवर तो रोज विचारला जातो. मुलगा तिशीला आला, अजून ‘शिकतोच’ आहे, महिन्याला सरकारचे पैसे घेतो आणि विचारलं की म्हणतो, ‘रिसर्च चालू आहे’. म्हणजे नक्की काय चालू आहे?

तर आधी एक गैरसमज काढून टाकू. पीएचडी म्हणजे एमएच्या पुढची यत्ता नाही. एमएपर्यंत दुसऱ्यांनी शोधलेलं आपण वाचतो आणि पेपरात लिहितो. पीएचडीत जे कुणालाच माहीत नाही असं काहीतरी शोधायचं, आणि त्या विषयातल्या जाणत्यांना ते पुराव्यानिशी पटवायचं. ते ‘काहीतरी’ बहुतेक वेळा अगदी लहान असतं. पेपरात बातमी यावी असं तर क्वचितच. पण ते नवं असावं लागतं आणि खरं असावं लागतं. या दोन अटींमुळेच चार-पाच वर्षं जातात.

समजा, एखाद्या मुलीने इतिहासात विषय घेतला: अठराव्या शतकात जुन्नर परगण्यात दुष्काळ पडायचा तेव्हा शेतसारा माफ व्हायचा का, आणि होत असेल तर कुणाचा? पुस्तकं वाचून याचं उत्तर मिळत नाही. ती पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांच्या संग्रहात जाते. तिथे कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात. रुमाल सोडला की आत मोडीतले कागद. त्यामुळे पहिले काही महिने मोडी शिकण्यातच जातात, कारण मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. अक्षर लागलं की पुढचा अडथळा तारखेचा. कागदावर इसवी सन नसतो. असतो तो सुहूर सन, तोही अरबी आकड्यांच्या शब्दांत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार. बेरीज 1171. इसवी सनात 1770-71. हे जमलं की मग जमाखर्चाचे कागद, मग एका गावाचा आकडा, मग शेजारच्या गावाचा. मधल्या काही वर्षांचे कागद सापडतच नाहीत. अख्खा आठवडा बसून हाती दोन ओळी लागतात, आणि त्या दोन ओळी कदाचित आधीच्या तीन महिन्यांच्या अंदाजावर पाणी फिरवतात.

इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला याच दप्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापले. निवडक, बरं का. बाकीचे लाखो कागद अजून रुमालांतच आहेत, आणि ते वाचायला माणसं लागतात. ती माणसं म्हणजे हीच ‘अजून शिकणारी’ मंडळी.

आता त्याच जुन्नर तालुक्यात, पण विज्ञानाच्या अंगाने. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 मध्यभागी जवळजवळ आणि 16 तीन दिशांना पसरलेल्या, जवळपास 25 किलोमीटरच्या परिसरात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उभी केली. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. म्हणून त्यांनी पोलादी दोरांवर बारीक तारांची जाळी ताणून बसवली. रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळीही आरशासारखीच; वारा मात्र आरपार जातो. ही दुर्बीण चालवणारी संस्था, एनसीआरए, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे.

या दुर्बिणीवर काम करायचं तर जगातला कुणीही संशोधक अर्ज करू शकतो. अर्जात लिहायचं की आकाशात कुठे बघायचंय, किती तास, आणि का. समिती अर्ज पारखते आणि तास वाटून देते. मग निरीक्षण होतं, आणि खरी कसोटी तिथून पुढे सुरू होते. त्या नोंदींत आकाशातल्या संदेशाबरोबर मोबाइल टॉवर, विजेच्या तारा, उपग्रह यांचा गोंगाट मिसळलेला असतो. तो वेचून बाजूला काढण्यात महिने जातात. हे वेचायचं काम बहुतेक ठिकाणी पीएचडीचे विद्यार्थी आणि नुकतेच पीएचडी झालेले लोक करतात. 2023 च्या जानेवारीत बातमी आली की जीएमआरटीने फार दूरच्या एका दीर्घिकेतल्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहातल्या, हायड्रोजनचा संदेश पकडला. हायड्रोजनच्या अणूतून निघणारी लहर 21 सेंटिमीटरची असते. ही निघाली तेव्हा विश्व आजच्यापेक्षा बरंच तरुण होतं. जवळपास 880 कोटी वर्षांच्या प्रवासात, विश्व प्रसरण पावत गेल्यामुळे, ती ताणली जाऊन 48 सेंटिमीटरची झाली. एरवी इतका क्षीण संदेश ऐकूच आला नसता. वाटेत दुसरी एक दीर्घिका आडवी होती, तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं आणि संदेश मोठा झाला. बातमी दोन कॉलमांची. तिच्यामागे दुर्बिणीचे तास, गोंगाट वेचण्याचे महिने आणि दुर्बीण उभी करण्यातली कित्येक वर्षं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुण्यातल्या पुण्यातही लोकांचा घोळ होतो. विद्यापीठाच्या गेटमधून आत गेल्यावर जे जे दिसतं ते सगळं विद्यापीठाचं नाही. एनसीआरए टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. आयुका ही जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, तीही स्वतंत्र. एकाच आवारात नांदणारे हे शेजारी आहेत. त्यामुळे आयुकाची बातमी आली की विद्यापीठाच्या कारभाराला शाबासकी द्यायची, किंवा विद्यापीठात परीक्षेचा गोंधळ झाला की दुर्बिणीवाल्यांना बोल लावायचे, दोन्ही चूक. मात्र शेजाराचा फायदा खरा असतो. भौतिकशास्त्राच्या एमएस्सीच्या मुलाला चालत जाऊन जगातल्या एखाद्या नामवंताचं व्याख्यान ऐकता येतं, तेही फुकट. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात तितक्याच हुशार मुलाला ते मिळत नाही.

आत कसं जायचं, बाहेर कसं यायचं

पीएचडीचा कारभार सध्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनी चालतो. एमए आणि पीएचडी यांच्या मधली एमफिल ही पदवी त्यात बंद झाली. एमए-एमएस्सी 55 टक्क्यांनी पास झालेल्याला अर्ज करता येतो. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी मिळवणाऱ्यालाही थेट वाट उघडली आहे. मागास प्रवर्गांना आणि दिव्यांगांना गुणांत सवलत आहे. प्रवेशासाठी काही विद्यापीठं स्वतःची ‘पेट’ ही प्रवेश परीक्षा घेतात. 2024 पासून नेट या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेच्या गुणांवरही प्रवेश मिळू लागला; तिथे परीक्षेला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. नेटचा निकाल आता तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ म्हणजे फेलोशिप, दुसऱ्याला प्राध्यापकीची पात्रता आणि पीएचडी प्रवेश, तिसऱ्याला फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातले गुण पीएचडी प्रवेशासाठी वर्षभरच चालतात. हे माहीत नसल्याने संधी हुकलेली मुलं मी पाहिली आहेत.

मग ‘गाइड’ शोधायचा. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. म्हणजे परीक्षा पास झालात, पण तुमच्या विषयातल्या गाइडकडे जागाच नाही, असं सर्रास होतं. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या गाइडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा गाइडचं नाव मोठं आहे का, हे विचारण्याआधी जागा आहे का आणि सर किंवा मॅडम कधी रिटायर होतायत, ते ऑफिसात विचारून घ्यावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढचा क्रम असा की आधी कोर्सवर्क (संशोधनाची तयारी करून घेणारे वर्ग), मग संशोधनाचा आराखडा, तो समितीसमोर मांडायचा, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यावर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिलांना आणि दिव्यांगांना आणखी दोन वर्षं. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी महिलांना पूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत रजा आहे. ही रजा मागायला मुली कचरतात, ‘गाइडला काय वाटेल’ म्हणून. ती कुणाची मेहेरबानी नाही, नियमात लिहिलेली आहे.

प्रबंध लिहून झाला की तो आधी सॉफ्टवेअरमधून जातो. मजकूर कुठून उचलला आहे का ते हे सॉफ्टवेअर बघतं. 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. 10 ते 40 असेल तर ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, 40 ते 60 असेल तर वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण हा आकडा म्हणजे थर्मामीटर आहे. ताप आहे इतकं कळतं, आजार कोणता ते नाही. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत लिहून काढली तर साम्य शून्याच्या आसपास दिसू शकतं, आणि ती चोरीच असते. ती पकडायला त्या विषयात मुरलेला माणूसच लागतो. म्हणून प्रबंध विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो, आणि शेवटी सगळ्यांसमोर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होते.

पोटाचा प्रश्न

आता पैशांकडे येऊ, कारण भांडण मुळात पैशांवरूनच सुरू झालं होतं.

जेआरएफ मिळालेल्याला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात; 1 जानेवारी 2023 पासूनचा हा दर. शिवाय घरभाडं आणि थोडा किरकोळ खर्च. ऐकायला बरे वाटतात. पण जेआरएफ मिळते ती अगदी वरच्या गुणांच्या मुलांना. महाराष्ट्रात बाकीच्यांपैकी काहींना राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप मिळतात: बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी. आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय ही संस्था. उरलेल्या बहुतेकांना काहीच नाही. ते कुठल्यातरी कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतात. तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत, आणि तेही कधी मिळतील ते संस्थेच्या मनावर.

फेलोशिप खात्यावर जमा होते तिचा रस्ता कसा असतो, हे एकदा जवळून बघावं. यूजीसीच्या जेआरएफसाठी दर महिन्याला विद्यार्थी काम करतोय, हजर आहे, याची खातरी विद्यापीठाने द्यायची असते. त्यासाठी बँकेच्या पोर्टलवर विद्यापीठाकडून दोन माणसं नेमलेली असतात. एक ‘मेकर’, तो माहिती भरतो. दुसरा ‘चेकर’, तो तपासून मान्यता देतो. त्याआधी विद्यार्थ्याने फॉर्म भरून गाइडची सही घ्यायची, विभागप्रमुखांची घ्यायची, आणि घरभाडं हवं असेल तर त्याचा वेगळा फॉर्म. गाइड परिषदेला गेलेत, सही अडली. मेकर बदलून दुसऱ्या विभागात गेला, त्याचा लॉगिन नव्याला मिळायला वेळ गेला. दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ, म्हणजे वाढीव रकमेची पुढची फेलोशिप, करायची तर समिती बसवायची, बाहेरचा तज्ज्ञ बोलवायचा, त्याची तारीख मिळत नाही. यात कुणी दुष्ट नसतो. प्रत्येक टेबलावर फक्त आठ-आठ दिवस जातात, आणि तिकडे मुलाचा महिना कोरडा जातो.

माझं मत विचाराल तर फेलोशिपची रक्कम किती, यापेक्षा ती किती तारखेला येते हा प्रश्न मोठा आहे. सहा महिन्यांचे पैसे एकदम आले की घरचे खूश होतात, पण त्या सहा महिन्यांत काय झालं ते बघा. मेसची उधारी झाली, मित्राकडून उसने घेतले, बहिणीच्या लग्नाच्या वेळी तोंड लपवलं. त्याहून वाईट म्हणजे फील्डवर्क पुढे ढकललं. पेरणीच्या काळात जाऊन शेतकऱ्यांशी बोलायचं होतं, पैसे आले कापणीला. ते वर्ष गेलं. आणि मग आपणच विचारायचं की एवढी वर्षं का लागतात. आझाद मैदानावर, बार्टीच्या दारात, भर उन्हात उपोषणाला बसलेली मुलं आपण टीव्हीवर बघतो. त्यांच्या मागण्यांत रकमेइतकाच हा वेळेचा मुद्दा असतो, पण बातमीत रक्कमच येते.

एमए-एमएस्सीच्या मुलांची गोष्ट याहून साधी आणि जास्त कठीण, कारण त्यांना फेलोशिप नसतेच. त्यांच्यासाठी जुना आणि अस्सल मराठी उपाय आहे, ‘कमवा व शिका’. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ही रीत रुजवली. मुलांनी श्रम करायचे आणि त्यावर शिकायचं, कुणाच्या दारात हात पसरायचा नाही. पुणे विद्यापीठाची योजना त्यांच्याच नावाने चालते. मुलं तासाच्या हिशोबाने ग्रंथालयात पुस्तकं लावतात, विभागाच्या ऑफिसात कागद हाताळतात, बागेत काम करतात. पैसे फार नाहीत. पण सकाळी बागेत खुरपं धरलेला मुलगा अकराला वर्गात बसलेला असतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही, कारण वर्गातल्या अर्ध्या मुलांना ते माहीत असतं. अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर राज्य सरकारच्या ‘स्वाधार’ योजनेतून जेवण-निवासासाठी पुण्या-मुंबईत वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात. इतर प्रवर्गांसाठीही अशा योजना आहेत. यातही रक्कम येते कधी, हाच प्रश्न.

गेटच्या आतला दिवस

पुणे विद्यापीठाचं आवार 400 एकरांहून मोठं. एकेकाळी हा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी इथेच झाली, आणि ती आटोपून परतताना रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. 1949 मध्ये विद्यापीठ सुरू झालं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. 2014 मध्ये सावित्रीबाईंचं नाव आलं. सकाळी इथे फिरायला येणाऱ्या पुणेकरांना वडाची झाडं आणि ती दगडी इमारत दिसते. मुलांचं विद्यापीठ मात्र तीन जागांवर उभं आहे: हॉस्टेल, जयकर ग्रंथालय आणि रिफेक्टरी.

हॉस्टेलच्या खोल्या अर्जांपेक्षा कमी, म्हणून ‘पॅरासाइट’. हा शब्द शिवी नाही, पद आहे. ज्याला खोली मिळाली त्याच्या खोलीत गादी टाकून राहणारा, यादीत नाव नसलेला गाववाला किंवा मित्र. वॉर्डनच्या लेखी तो गुन्हेगार. पण हिंगोली-गडचिरोलीहून आलेल्या कित्येकांनी पुण्यातले पहिले काही महिने असेच काढले आहेत, आणि पुढच्या वर्षी खोली मिळाली की आपल्या गादीशेजारी दुसऱ्या कुणाची गादी घालू दिली आहे. मी नियम मोडायचं समर्थन करत नाही. खोल्या कमी असल्या की काय होतं, ते सांगतो आहे.

रिफेक्टरी म्हणजे जेवणाची जागा. 2019 च्या एप्रिलमध्ये तिथे आंदोलन झालं. कारण ऐकून बाहेरच्यांना हसू आलं असेल: एका ताटात दोघांनी जेवायचं नाही, असा नियम. ठेकेदाराच्या बाजूने हिशोब सरळ आहे, एका कूपनवर दोन पोटं भरली तर त्याचं नुकसान. पण एका ताटात दोघं हौसेने जेवत नाहीत. विद्यार्थी-साहाय्यावर किती समित्या आहेत त्यापेक्षा असल्या एका भांडणातून विद्यापीठाची परिस्थिती जास्त कळते.

जयकरच्या अभ्यासिकेत दोन जमाती बसतात. एक पीएचडीवाले, एक एमपीएससीवाले. कधीकधी दोन्ही एकाच देहात. हेही बाहेरून आळस वाटतं. प्रत्यक्षात तो विमा आहे. पीएचडी झाली तरी प्राध्यापकाची भरती कधी निघेल ते कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे मुलं दुसरी दोरी हातात धरून ठेवतात. प्रबंध रखडण्याच्या कारणांत हे एक मोठं कारण आहे, आणि त्याचा दोष मुलांकडे जात नाही.

यश मोजायचं कसं?

विद्यापीठांच्या जाहिरातींत लिहिलेलं असतं, ‘इतके शोधनिबंध, इतकी पेटंट’. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी लागते, त्यात विद्यापीठांना 100 पैकी 30 गुण संशोधनाचे. शोधनिबंध किती, त्यांचे संदर्भ दुसऱ्यांनी किती घेतले, बाहेरून निधी किती आणला, असा हिशोब. मोजायला काहीतरी हवंच. पण जे मोजलं जातं तेच पिकवलं जातं. 2016 च्या नियमात पीएचडीसाठी निबंध छापणं सक्तीचं होतं. लगेच पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं. नाव भारदस्त, बहुतेक ‘इंटरनॅशनल’ने सुरू होणारं; आतमध्ये तपासणी शून्य.

यातली लाज उघड केली ती पुणे विद्यापीठातल्याच लोकांनी. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी शिफारस केलेली 1,009 नियतकालिकं तपासली. निष्कर्ष 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला: त्यातली 88 टक्के निकषांवर टिकत नव्हती. कुणाचा पत्ता खोटा, कुणाच्या संपादकांची माहितीच नाही, कुणाचे प्रभावाचे दावे बनावट. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4,305 नियतकालिकं यादीतून काढली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिच्या कामातही पुणे विद्यापीठ होतं. 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती 2022 च्या नियमांत आधीच गेली होती. नोकरीच्या मुलाखतीत मात्र निबंध मोजले जातातच, त्यामुळे दुकानं काही ओस पडलेली नाहीत. एखाद्या विद्यापीठाची कामगिरी बघायची असेल तर माझ्या लेखी 1,009 नियतकालिकं पारखणारा तो एक निबंध शेकडो भरताडांपेक्षा जड आहे. आणि तो कुठल्याही सत्कार समारंभात मिरवला गेलेला मला तरी आठवत नाही.

अडलं तर

पीएचडीत सगळ्यात जास्त त्रास होतो तो एकाच माणसावर सगळं अवलंबून असण्याचा. सही गाइडची, शिफारस गाइडची, विषय गाइडच्या पसंतीचा. बहुतेक गाइड चांगले असतात, काही फार चांगले. पण काही जण विद्यार्थ्याकडून घरची कामं करून घेतात, निबंधावर स्वतःचं नाव आधी टाकतात. तेव्हा काय करायचं हे आधी माहीत असावं. गाइड बदलता येतो. विभागात आणि संशोधन समितीत तशी तरतूद असते. 2023 च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती लागते, आणि तिच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जाता येतं. लैंगिक छळाची तक्रार असेल तर अंतर्गत समिती. तक्रार तोंडी करून येऊ नका. लेखी द्या आणि पोच घ्या. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा देशभराचा मोफत क्रमांक आहे.

आणि मन खचलं तर 14416. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. पीएचडीचं तिसरं-चौथं वर्ष सगळ्यात एकटं असतं. बरोबरची मुलं नोकरीला लागलेली, कोर्सवर्क संपलेलं, वर्ग नाही, परीक्षा नाही, घरून ‘कधी संपणार’ची विचारणा. तेव्हा चहाच्या टपरीवर रोज भेटणारं एखादं टोळकं असणं हे कुठल्याही समुपदेशन कक्षाइतकंच कामाचं असतं. ज्यांचं ते टोळकं नाही त्यांनी फोन उचलावा.

सगळं निभावून नेलं की व्हायवा. विभागातल्या सभागृहात विद्यार्थी अर्धा-पाऊण तास मांडणी करतो, बाहेरचा परीक्षक प्रश्न विचारतो, बसलेल्यांतला कुणीही विचारू शकतो, तसा नियमच आहे. मागच्या रांगेत गावाहून आलेले आईवडील बसलेले असतात. शेवटी परीक्षक पदवीची शिफारस करतो, टाळ्या वाजतात, बाहेर समोसे आणि पेढे तयारच असतात. मग प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयात आणि डिजिटल प्रत ‘शोधगंगा’वर जाते. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे प्रकरणवार ठेवलेले आहेत, मराठीतलेही. वाचायला ना ओळखपत्र लागतं ना पैसे. शोधायच्या चौकटीत आपल्या तालुक्याचं, आपल्या पिकाचं नाहीतर आपल्या बोलीचं नाव टाकून बघा.